रजेच्या तारखा आपण ठरवायच्या की कंपनीने? हव्या त्या दिवसांची सुट्टी मंजूर कशी करून घ्यायची

वार्षिक रजेबद्दल खूप जणांचा गोंधळ असतो तो आधी सोडवू. वर्षाला ठराविक दिवस पगारी रजा मिळणं हा बहुतेक देशांत तुमचा हक्क आहे, पण ती नेमकी कोणत्या तारखांना घ्यायची हे बहुतेक ठिकाणी एकट्या कर्मचाऱ्याच्या हातात नसतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पगारी रजांबद्दलचा १९७० चा करार आहे, क्रमांक १३२, त्यातही हेच आहे की वेगळा नियम किंवा युनियनशी करार नसेल तर तारीख मालकच ठरवणार, मात्र कर्मचाऱ्याशी किंवा त्याच्या प्रतिनिधीशी बोलून, आणि ठरवताना कामाची गरज आणि माणसाला विश्रांतीची संधी कधी आहे हे दोन्ही बघायचं. म्हणजे जिथे हा करार लागू आहे तिथे तुम्हाला विचारलं जाणं हा तुमचा अधिकार, आणि याच जागेत आपल्याला हातपाय हलवायचेत.

१. आधी आपल्याकडचा नियम वाचा

देशागणिक फरक मोठा आहे. जपानमध्ये तारीख कर्मचारी सांगतो, कामकाजात खरोखर अडथळा येणार असेल तरच मालक ती बदलू शकतो. जर्मनीत कर्मचाऱ्याची इच्छा धरूनच चालायचं, नाही म्हणायचं तर कामाचं तातडीचं कारण लागतं किंवा दुसऱ्या सहकाऱ्याची गरज सामाजिकदृष्ट्या जास्त मोठी असावी लागते. ब्रिटनमध्ये करारात वेगळं काही नसेल तर जितके दिवस रजा त्याच्या दुप्पट दिवस आधी कळवायचं, म्हणजे १० दिवसांच्या रजेला २० दिवस आधी, आणि मालकाला नाकारायची असेल तर त्याने जितके दिवस रजा तितके दिवस, म्हणजे या उदाहरणात रजा सुरू व्हायच्या किमान १० दिवस आधी सांगायला हवं. फ्रान्समध्ये नवरा-बायको एकाच कंपनीत असतील तर दोघांना एकत्र रजा मिळायचा हक्क आहे. तुमच्या देशाचा कायदा, अपॉइंटमेंट लेटर आणि एचआर पॉलिसी हे तिन्ही उघडून बसा आणि चार गोष्टी शोधा: किती दिवस आधी कळवायचं, मंजुरी कोण देतं, उरलेली रजा पुढच्या वर्षी जाते का, आणि रजा बंद असलेला काळ कोणता (हिशेब बंद करायचे दिवस, सीझन वगैरे). काही कंपन्या वर्षातून एकदा सगळ्यांनाच सक्तीची सुट्टी देतात आणि ती तुमच्या खात्यातून कापतात, तेही बघून ठेवा, नाहीतर शिल्लक बघताना धक्का बसतो.

२. टीमचं कॅलेंडर बघा

सगळ्यात जास्त रजा इथेच अडकतात. तुमचं काम करू शकणारा दुसरा एकच माणूस असेल आणि तो त्याच आठवड्यात जाणार असेल तर मॅनेजर तरी काय करणार, त्यामुळे आधी त्याच्याशी बोला, तारखा मागेपुढे होतात का बघा, आणि मगच अर्ज टाका. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये मुलं असलेल्यांना आधी रजा मिळते ते बरोबरच आहे, पण दरवर्षी त्याच लोकांना मिळत असेल तर आळीपाळीने द्या असं सांगायला अजिबात लाजू नका, ज्याला मुलं नाहीत त्यालाही घरची माणसं असतात.

३. अर्ज लेखी करा

तोंडी "हो हो, बघू" ही मंजुरी नव्हे. मेल अशी टाका:

"सर, १२ ते २३ तारखेपर्यंत रजा हवी आहे. महिन्याचा रिपोर्ट मी ११ तारखेपर्यंत देऊन जाईन. रोजची कामं माझा सहकारी बघेल, त्याच्याशी बोलणं झालंय. या तारखा जमत नसतील तर पुढच्या महिन्याचे पहिले दोन आठवडेही चालतील. शुक्रवारपर्यंत कळवलंत तर बुकिंग करता येईल."

काम कोण बघणार, दुसरा पर्याय काय, उत्तर कधीपर्यंत हवंय, हे सगळं यात आलं. कारण सविस्तर सांगायची गरज नाही, हक्काच्या रजेला ते बहुतेक ठिकाणी लागतही नाही. एक गोष्ट मात्र पक्की पाळा, लेखी मंजुरी हातात येईपर्यंत तिकिटं काढू नका. "तिकिटं काढलीत आता" या मुद्द्याचा बहुतेक ठिकाणी उपयोग होत नाही, उलट मॅनेजरला वाटतं की आपल्याला गृहीत धरलं.

४. नाही म्हटलं तर

चिडून लगेच वर तक्रार करू नका. आधी विचारा, "मग कोणत्या तारखा जमतील?" आणि त्याचं उत्तरही लेखी घ्या. कारण पटण्यासारखं असेल तर तारीख बदला. पण वर्षभर प्रत्येक अर्जाला नाहीच मिळत असेल तर ती तारखेची अडचण राहिली नाही, रजाच नाकारली जातेय, आणि मग जुने सगळे मेल जोडून एचआरकडे जा, तिथेही काही झालं नाही तर युनियन किंवा कामगार खात्याकडे. मन मारून गप्प बसू नका. वर सांगितलेल्या करारानुसार किमान वार्षिक रजा पैसे घेऊन सोडून द्यायची तडजोडसुद्धा अमान्य आहे, कारण रजा विश्रांतीसाठी असते. हा करार तुमच्या देशाने स्वीकारला नसेल तर मात्र तिथला कायदाच बघावा लागेल.

५. मंजूर रजा रद्द केली तर

असं क्वचित होतं, पण झालं तर बुडालेल्या बुकिंगचे पैसे कंपनी देणार का ते त्याच दिवशी मेलवर विचारा, पावत्या जोडा, आणि ती रजा खात्यात परत जमा झाली का ते पुढच्या पगाराच्या स्लिपवर किंवा सिस्टिममध्ये बघून घ्या.