डिफ्युजनवर पांढरं दिसलं म्हणजे स्ट्रोकच असं नाही

रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षी ड्युटीवर स्ट्रोक इतके बघायला मिळतात, की डिफ्युजनवर (एमआरआयच्या ज्या चित्रांत ताजा स्ट्रोक पांढरा दिसतो) पांढरं दिसलं की बोटं आपोआप 'इन्फार्क्ट' (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) टाइप करतात. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनांमुळे मेंदू झपाट्याने निकामी करणारा क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार, म्हणजे सीजेडी, निसटतो तो इथेच. वर्षाला दहा लाखांमागे एखाद-दोन रुग्ण, त्यामुळे रेसिडेन्सीत मोजक्याच केसेस दिसतील. पण ती केस ओळखणारे पहिले तुम्हीच असू शकता.

फॉर्मवर बहुतेक वेळा नुसतं 'डिमेन्शिया' लिहिलेलं असतं. तेवढ्यावर थांबू नका, बाहेर जाऊन नातेवाइकांना विचारा. 'दोन महिन्यांपूर्वीपर्यंत दुकानाचा हिशेब बघायचे हो, आता शर्टाची बटणं लावता येत नाहीत,' असं मुलगा सांगतो, तेव्हा अल्झायमर मागे पडतो. तो इतक्या घाईने येत नाही. दार आपटलं आणि रुग्ण अख्खा दचकला, तर तेही लक्षात ठेवा. असे रुग्ण मशिनमध्येही झटके देत राहतात, म्हणून टेक्निशियनला डिफ्युजन सगळ्यात आधी घ्यायला सांगा.

विंडो अरुंद करून, म्हणजे करड्या छटांतला फरक ठळक करून, कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) कडेने नजर फिरवा. सीजेडीत वळ्यावळ्यांतून पांढरी रिबन जाते. ती एका रक्तवाहिनीच्या हद्दीत राहत नाही आणि हालचाली चालवणारी मोटर पट्टी बहुधा सोडून देते. मग मेंदूच्या आतले कॉडेट आणि पुटामेन हे भाग बघा. एडीसीवर, म्हणजे डिफ्युजनवरूनच काढलेल्या नकाशावर, तीच जागा काळी हवी. फ्लेअर या एमआरआयच्या दुसऱ्या प्रकारच्या चित्रांवर हे सगळं फिकट दिसतं, कधीकधी दिसतच नाही. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन काही हाती लागत नाही. कॉर्टेक्सचे इन्सुला आणि सिंग्युलेट हे भाग मुळातच थोडे उजळ असतात. दोन्ही बाजू सारख्या असतील आणि एडीसीवर काळं नसेल, तर तेवढ्यावरून सीजेडीचं नाव घेऊ नका.

लागोपाठ फिट्स, साखर फार उतरणं, हृदय बंद पडून पुन्हा सुरू होणं, या सगळ्यांत कॉर्टेक्स असाच पांढरा होतो. फिट्सनंतरचा पांढरेपणा काही दिवसांनी ओसरतो, सीजेडीचा जात नाही. शंका असेल तर स्कॅन पुन्हा करा. माझ्या मते खरी धास्ती ऑटोइम्यून एन्सेफलायटिसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते त्या आजाराची. तो औषधांनी सुधारू शकतो, सीजेडीवर इलाज नाही आणि बहुतेक रुग्ण वर्षभरात जातात. म्हणून रिपोर्टमध्ये 'सीजेडीची दाट शक्यता' लिहा, पण त्याखाली अँटिबॉडी तपासण्या, ईईजी आणि मणक्यातल्या पाण्यात प्रायॉन शोधणारी आरटी-क्विक चाचणी सुचवा. एकट्या एमआरआयवर शिक्कामोर्तब करू नका.

मेंदूच्या बायोप्सीची चर्चा कानावर आली, तर रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता न्यूरोसर्जनना फोन करा. प्रायॉन नेहमीच्या ऑटोक्लेव्हला (वाफेने अवजारं निर्जंतुक करण्याला) दाद देत नाहीत आणि तीच अवजारं पुढच्या रुग्णाला वापरली जातात. एमआरआयच्या टेबलावर झोपल्याने मात्र कुणाला काही होत नाही. स्टाफ मागे सरकला, तर हे आपणच पुढे होऊन सांगायचं.