बांधकाम साइटच्या नकाशावर अनेकांना एकाच वेळी काम करू देताना या चुका टाळा

लेखात दोघांनी एकाच वेळी एक वाक्य बदललं आणि शब्द मागेपुढे झाले, तर वाचणारा ते सुधारून घेतो. साइटच्या नकाशावर चरीची कड अर्धा मीटर सरकली, तर दुसऱ्या दिवशी त्याच कडेवर खोदयंत्र चालतं, आणि खाली वीजवाहिनी असू शकते. मॅपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रिअल-टाइम सहयोग आणताना हा फरक डोळ्यांआड झाला की पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच चित्र दिसायला लागलं, म्हणजे ते चित्र बरोबर आहे असं होत नाही.

अख्खा आकार एकच नग समजणं

सर्वात जास्त आढळणारी चूक ही. पॉलिगॉन (अनेक कोपऱ्यांचा बंद आकार) जिओजेसनच्या, म्हणजे नकाशातले आकार मजकुरात लिहिण्याच्या स्वरूपाच्या, एका तुकड्यात ठेवलेला असतो आणि प्रत्येक बदलाला तो पूर्ण तुकडा सर्व्हरवर जातो. एकाने ईशान्येचा कोपरा हलवला, दुसऱ्याने त्याच क्षणी नैर्ऋत्येचा. दोघांचं काम एकमेकांच्या आड येत नव्हतं, तरी ज्याचा तुकडा नंतर पोहोचला त्याचंच काम टिकतं. "मी केलेला बदल आपोआप गेला" अशी तक्रार आली, तर आधी इथे बघा.

मग लोक "पाचवा बिंदू हलवा" असा संदेश पाठवायला लागतात. तेवढ्यात कुणी तिसऱ्या जागी नवा बिंदू घातला की पाचवा सहावा होतो आणि भलताच कोपरा सरकतो. प्रत्येक बिंदूला स्वतःची कायमची ओळख द्या, आणि क्रमासाठी दोन शेजाऱ्यांच्या किल्ल्यांच्या मधली किल्ली (क्रम ठरवणारं मूल्य) वापरा, म्हणजे मध्ये बिंदू आला तरी बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

इथपर्यंत आल्यावर कुणीतरी सीआरडीटी, म्हणजे एकाच वेळी झालेले बदल आपोआप एकत्र करणारी डेटा-रचना, सुचवतं. २०११ मध्ये शापिरो आणि सहकाऱ्यांनी या संकल्पनेला नीट रूप दिलं, आणि वायजेएस, ऑटोमर्ज यांसारख्या लायब्ररी वापरायला चांगल्या आहेत. पण त्यांचं वचन मर्यादित आहे: तेच बदल सगळ्यांकडे पोहोचले, तर सगळ्यांकडे एकच स्थिती असेल. ती स्थिती साइटवर अर्थपूर्ण असेल, असं वचन त्यात कुठेही नाही. दोघांनी दोन बिंदू आपापल्या जागी योग्यच हलवले, तरी एकत्र केल्यावर कडा एकमेकींना छेदून आकाराला पीळ पडू शकतो. अशा आकाराचं क्षेत्रफळ नेहमीच्या सूत्राने काढलं, तर दोन्ही पाकळ्यांची क्षेत्रफळं एकमेकांतून वजा होतात. पाकळ्या सारख्या असतील तर उत्तर शून्य. त्यावरून काढलेलं खोदकामाचं घनफळही अर्थातच चुकतं, आणि एररचा संदेश मात्र कुठेच येत नाही.

म्हणून बदल एकत्र केल्यावर सर्व्हरवर आकाराची वैधता तपासाच. पोस्टजीआयएसमध्ये (नकाशाची माहिती हाताळणारा डेटाबेस) त्यासाठी तयार फंक्शन आहे. अवैध आकार आपोआप दुरुस्त करणारं फंक्शनही आहे, पण ते गुपचूप चालवू नका. ते पिळलेल्या आकाराचे दोन वेगळे तुकडे करू शकतं, आणि ते तुकडे कुणीच आखलेले नसतात. तो आकार लाल करा, दोघांच्याही आवृत्त्या दाखवा आणि निर्णय माणसाला घेऊ द्या.

मोजलेलं आणि काढलेलं एकाच मापाने तोलणं

माझ्या मते सगळ्यात घातक चूक ही आहे, आणि ती कोडच्या तपासणीत सापडत नाही. सकाळी सर्व्हेअरने आरटीके रिसीव्हरने (दुरुस्तीचे संकेत घेणारं अचूक जीपीएस) सेंटीमीटरच्या अचूकतेने बिंदू घेतला. दुपारी कुणीतरी फोन हातात धरून "मी इथे उभा आहे" म्हणत तोच बिंदू अद्ययावत केला. फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर चुकतं. "नंतर आलेलं ते खरं" या नियमाने फोनचा बिंदू जिंकतो. सिंकचं काम चोख झालेलं असतं, फक्त नकाशा बिघडलेला असतो.

प्रत्येक बिंदूसोबत तो कशाने मोजला आणि किती अचूक आहे हे साठवा, आणि कमी अचूक रीडिंगला जास्त अचूक रीडिंगवर लिहू देऊ नका. कंट्रोल पॉइंट (ज्यावरून बाकीची मोजमापं घेतात तो पक्का बिंदू) माउसने ओढताच येता कामा नये. दुरुस्ती करायची असेल तर नवं रीडिंग नोंदवावं, जुनं जागेवर राहावं. मंजूर झालेलं रिव्हिजन सरळ कुलूपबंद करा. सहयोगी सॉफ्टवेअरमध्ये कुलूप म्हणजे मागासलेपणा, असं अनेक प्रोग्रामरना वाटतं. साइट इंजिनिअरला विचारून बघा, त्याला ते कुलूप हवंच असतं.

घड्याळावर विश्वास ठेवणं

टॅब्लेटचं घड्याळ दोन मिनिटं पुढे असलं की त्या माणसाचा प्रत्येक बदल जिंकत राहतो. क्रम ठरवायला सर्व्हरने दिलेला चढता अनुक्रमांक वापरा. यंत्राची वेळ फक्त माहितीसाठी ठेवा.

तळघरात किंवा बोगद्यात तीन तास ऑफलाइन काम केलेला माणूस वर आला की त्याचे सगळे बदल एकदम येतात. त्यातला प्रत्येक बदल कोणत्या अनुक्रमांकाची स्थिती बघून केला होता, हे त्याच्यासोबत यायलाच हवं. नाहीतर मधल्या काळात मंजूर झालेल्या आखणीवर तीन तासांपूर्वीची समजूत लिहिली जाते. एकाच जागी दोन-दोन खुणा दिसत असतील, तर कारण बहुधा असं असतं: बदल पोहोचला, पोच परत आली नाही, म्हणून फोनने तोच पुन्हा पाठवला. प्रत्येक बदलाला फोनवरच यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख क्रमांक) द्या आणि सर्व्हरवर दुसरी प्रत गाळा.

कनेक्शन आहे असं धरून चालणं

शांत बसलेल्या माणसाचा वेबसॉकेट (सर्व्हरशी सतत उघडं राहणारं कनेक्शन) बरोबर एका मिनिटाने तुटत असेल, तर कोड उसवण्याआधी मधला प्रॉक्सी (फोन आणि सर्व्हर यांच्यामधला सर्व्हर) बघा. एन्जिनएक्स या प्रॉक्सीमध्ये वाचनाची वाट पाहण्याची मुदत मुळात ६० सेकंद असते. दर २५-३० सेकंदांनी पिंग ("आहेस का?" असा छोटा संदेश) पाठवा. याने अर्धमेलं कनेक्शनही ओळखता येतं, म्हणजे फोन रेंजबाहेर गेलाय पण सर्व्हरला तो अजून हजर वाटतोय. तुटल्यावर पुन्हा जोडताना थांबण्याचा वेळ वाढवत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवा, नाहीतर सर्व्हर उठताच सगळे एकदम धडकतात. जोडल्यावर "शेवटच्या अनुक्रमांकानंतरचं द्या" एवढंच मागा.

फक्त एअरप्लेन मोड लावून केलेली चाचणी पुरेशी नाही. साइटवर नेटवर्क सहसा पूर्ण जात नाही, ते रखडतं.

कर्सरसाठी डेटाबेस झिजवणं

३० जण, प्रत्येकाचा कर्सर सेकंदाला २० वेळा, आणि तो बाकीच्या २९ जणांना: सेकंदाला १७,४०० संदेश. पाच-दहा वेळा पाठवून मधली हालचाल स्क्रीनवर भरून काढली तरी डोळ्याला कळत नाही. कर्सर डेटाबेसमध्ये लिहू नका. तो पिक्सेलमध्येही पाठवू नका. दुसऱ्याचा झूम वेगळा असतो, त्यामुळे नकाशावरचे निर्देशांक पाठवा.

सिंकवर आळ, दोष निर्देशांकांचा

रेषा झूम केल्यावर थरथरते? अंशांतले निर्देशांक ३२ बिटच्या दशांशात ठेवलेले असतील. ६४ ते १२८ अंश रेखांशाच्या पट्ट्यात त्यातली सर्वात लहान पायरी विषुववृत्तावर सुमारे ८५ सेंटीमीटर भरते. ६४ बिट वापरा आणि चित्र काढताना साइटजवळचा स्थानिक आरंभबिंदू घ्या. बिंदू भलत्याच ठिकाणी उमटतोय? जिओजेसनमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश. अंतर टेपशी जुळत नाही? वेब मर्केटरमध्ये (ऑनलाइन नकाशांचं सपाट प्रक्षेपण) मोजलं असेल. तिथे १०० मीटर ३० अक्षांशावर सुमारे ११५ आणि ६० अक्षांशावर २०० दिसतात.

अनडू

अनडूने फक्त स्वतःचा बदल मागे जावा. त्या बिंदूवर नंतर दुसऱ्याने काम केलं असेल, तर अनडू थांबवून ते करणाऱ्याला तसं दाखवा.

आणि खोदयंत्राच्या प्रणालीला किंवा प्रिंटरला चालू नकाशा थेट जोडू नका. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फाइलवर आणि कागदाच्या कोपऱ्यात सर्व्हरचा तो चढता अनुक्रमांक ठळक छापा, म्हणजे चरीच्या काठावर उभा असलेला माणूस हातातलं ड्रॉइंग आणि फोनवरचा आकडा ताडून बघू शकेल.