कोल्हापूरच्या उन्हात कातडी कशी जपावी

आधी पायातली कोल्हापुरी काढा आणि पावलाकडं बघा. पट्ट्याखालची जागा उजळ आणि आजूबाजूची रापलेली दिसते ना? पट्ट्यानं झाकलं तेवढं वाचलं. मनगटावरचं घड्याळ काढून आणि शर्टाची कॉलर मागं ओढून तेच बघा. जिथं फरक ठळक, तिथं वर्षानुवर्षं ऊन खाल्लंय. झाकायला तिथूनच सुरुवात करायची.

आपल्याकडं उन्हाची काळजी घेतात ती बहुतेक 'काळं पडू नये' म्हणून. त्यामुळं महाद्वार रोडवर स्कार्फ, सनकोट, हातमोजे घातलेल्या मुली दिसतात आणि शेजारून उघड्या डोक्यानं चाललेला गडी म्हणतो, "आमचं कातडं रापलंय, आमाला काय हुतंय?" त्याचं अर्धं खरं आहे. आपल्या त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य बरेच अतिनील किरण अडवतं, म्हणून गोऱ्या लोकांच्या मानानं त्वचेचा कर्करोग आपल्यात कमी. कमी आहे, पण होतो. या किरणांनी पेशींतल्या डीएनएला होणारी इजा साठत जाते, आणि रापलेली कातडी ही त्या इजेचीच खूण आहे. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्यांनी आणि मूत्रपिंड बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी तर दुप्पट जपावं.

सावली मोजा

घड्याळापेक्षा सावलीवर भरवसा ठेवा. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरण कडक. ढोबळमानानं सकाळी दहा ते दुपारी चार. कोल्हापुरात सूर्य माथ्यावर येतो तो बारा नव्हे, साडेबाराच्या सुमाराला. शेताची, बाजाराची, मैदानावरच्या सरावाची कामं या वेळेच्या अलीकडं-पलीकडं ढकलता आली तर निम्मं काम झालं.

उकाडा आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथंच बहुतेक जण फसतात. मेच्या पहिल्या आठवड्यात इथं शून्य सावलीचा दिवस येतो हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. सूर्य तसाच डोक्यावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही येतो. तेव्हा हवा गार असते, म्हणून पन्हाळ्यावर दिवसभर उघड्या अंगानं हिंडलं तरी काही वाटत नाही. पातळ ढगातून मात्र बरेचसे किरण खाली येतातच.

कापड आधी, क्रीम नंतर

माझं मत विचाराल तर पहिला खर्च कपड्यावर करा. कापड उजेडाकडं धरा. आरपार दिसत असेल तर ऊनही आरपार जाणार. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड जास्त अडवतं. घामानं भिजलेला पांढरा सुती सदरा सगळ्यात कमी. ऊसतोडणीच्या बायका साडीवर फुल बाह्यांचा पुरुषी शर्ट घालतात. तो पात्यांचे ओरखडे टाळायला, पण उन्हालाही तोच उतारा. गांधी टोपी काय किंवा क्रिकेटची टोपी काय, कान आणि मान उघडीच राहतात. जुन्या माणसांच्या फेट्याचा शेमला निदान मानेवर तरी पडायचा! चारी बाजूंनी काठ असलेली टोपी घ्या, नाहीतर टोपीखालून पंचा सोडा.

कपड्यातून जे उरतं, म्हणजे चेहरा, कान, मान, पावलं, त्याला सनस्क्रीन. पाकिटावर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' (म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी हे दोन्ही अतिनील किरण अडवणारं) आणि किमान एसपीएफ, म्हणजे ऊन अडवण्याचा आकडा, ३० बघा. ३० चं क्रीम त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० चं ९८. मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. पैसे वाचवून क्रीम मात्र भरपूर लावा. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं, आणि घाम आला किंवा दोन तास झाले की पुन्हा. खालचा ओठ विसरू नका. सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीम नको, सावलीच बरी.

महिन्यातून एकदा अंघोळीनंतर

आरशासमोर उभं राहून सगळं अंग तपासा. चार आठवड्यांत न भरलेली जखम, रक्त येणारा किंवा आकार-रंग बदलणारा तीळ, चकचकीत गाठ दिसली तर दाखवा. तळवे आणि नखंही बघा. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तीळासारखा दिसणारा मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग बरेचदा तिथंच होतो, आणि त्याचा उन्हाशी संबंध नसतो. तसंच परकराच्या नाडीखाली कायम घासून काळी पडलेली, चिघळणारी जागा, किंवा गुऱ्हाळावर काहिलीतल्या रसानं भाजलेल्या जुन्या व्रणात पुन्हा झालेला फोड. यांकडं दुर्लक्ष नको.

दाखवायला सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, त्वचारोग विभाग आहे. तोवर चामखीळ समजून घोड्याचा केस बांधणं, चुना लावणं, ब्लेडनं खरवडणं यातलं काही करू नका. डॉक्टर तुकडा काढून तपासायला पाठवेपर्यंत ती गाठ जशी आहे तशीच राहू द्या.