सोडियम-पोटॅशियम एटीपेझची अँटीबॉडी वापरताना या चुका टाळा

सोडियम-पोटॅशियम एटीपेझ म्हणजे सोडियम पेशीबाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा पेशीपटलातला पंप. १९५७ मध्ये येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या नसांतून हे एन्झाइम शोधलं. आज अनेक प्रयोगशाळा त्याची अँटीबॉडी पेशीपटलाचं लोडिंग कंट्रोल (प्रत्येक सॅम्पलमध्ये प्रथिन सारखंच चढवलं का, याची खूण) म्हणून वापरतात. ब्लॉट (जेलवर वेगळी केलेली प्रथिनं अँटीबॉडीने ओळखण्याची चाचणी) फसला की दोष अँटीबॉडीला दिला जातो, पण घोळ बहुतेक वेळा सॅम्पल तयार करतानाच झालेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सॅम्पल ९५ अंशांवर पाच मिनिटं उकळणं. बाकीच्या प्रथिनांना ही सवय चालते. पण या एन्झाइमचे अल्फा आणि बीटा असे उपघटक असतात, आणि अल्फा पेशीपटलातून दहा वेळा आरपार जातो. उकळल्यावर त्याचे पाण्याशी न जुळणारे भाग एकमेकांना चिकटतात आणि गोळा जेलच्या वेलमध्येच अडकतो. मग १०० किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचं एकक) बँड जवळपास नाहीसा आणि वरच्या टोकाला काळा डाग, असं चित्र दिसतं. त्याऐवजी सॅम्पल बफरमध्ये ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा. शंका असेल तर एकाच सॅम्पलचे दोन भाग करा, एक उकळा, एक ३७ अंशांवर ठेवा आणि शेजारी-शेजारी चालवा. अर्ध्या दिवसात निकाल लागतो. नवी कुपी मागवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त!

आणखी एक गळती: लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाचा पेलेट (बसलेला गाळ) बिनदिक्कत फेकला जातो. डिटर्जंट कमी पडला असेल तर एन्झाइम त्यातच गेलेलं असतं. पहिल्या वेळी पेलेटही सॅम्पल बफरमध्ये विरघळवून जेलवर चढवा. बँड तिथे सापडला तर १ टक्का ट्रायटन (डिटर्जंट) असलेला बफर घ्या आणि बर्फावर ३० मिनिटं, मधूनमधून हलवत ठेवा.

मूत्रपिंडाच्या ऊतीत हे एन्झाइम भरपूर असतं. तिथे ३० मायक्रोग्रॅम प्रथिन चढवलं तर बँड संपृक्त होतो आणि सगळे गट 'सारखेच' दिसतात. २.५, ५, १० आणि २० मायक्रोग्रॅमची मालिका चालवा. मात्रा दुप्पट केल्यावर संकेतही दुप्पट होतो, तेवढ्याच टप्प्यात मोजमाप करा. आणि ज्या उपचाराने या पंपावरच परिणाम होतो, उदाहरणार्थ पंप रोखणारं ओआबेन, तिथे तो लोडिंग कंट्रोल म्हणून घेऊच नका.

कुपी उघडण्याआधी ती कोणत्या आयसोफॉर्मसाठी (एकाच प्रथिनाच्या वेगवेगळ्या रूपांपैकी एक) आहे ते वाचा. अल्फा-१ जवळपास सगळीकडे, अल्फा-२ मुख्यतः स्नायू आणि ग्लिया पेशींत (न्यूरॉनना आधार देणाऱ्या), अल्फा-३ न्यूरॉनमध्ये, अल्फा-४ वृषणात. मेंदूच्या सॅम्पलवर सर्व अल्फा ओळखणारी अँटीबॉडी लावून 'न्यूरॉनमधला पंप वाढला' असा निष्कर्ष काढता येत नाही. विशिष्टता तपासायला अल्फा-१ चा पूर्ण नॉकआउट (जनुक कायमचं बंद) करू पाहू नका, बहुतेक पेशी त्याशिवाय जगत नाहीत. एसआयआरएनएने (जनुकाचा संदेश दाबणारा छोटा आरएनए) पातळी खाली आणा आणि बँड त्या प्रमाणात फिका होतो का पाहा.

बीटा-१ उपघटकाचा बँड ४५ ते ५५ किलोडाल्टनच्या दरम्यान पसरट दिसतो, कारण त्यावर साखरेच्या साखळ्या असतात. तो खराब नाही. उंदराच्या ऊतीवर उंदराचीच अँटीबॉडी वापरली, तर मात्र ५० किलोडाल्टनला ऊतीतल्या आयजीजीची (उंदराच्या स्वतःच्या अँटीबॉडीची) जड साखळीही चमकते आणि दोन्हींत फरक कळत नाही. पीएनगेझ एफ या एन्झाइमने साखरेच्या साखळ्या कापा: बीटा-१ सुमारे ३५ किलोडाल्टनला उतरतो, जड साखळी ५० च्या आसपासच राहते. अभिक्रियेत एनपी-४० (सौम्य डिटर्जंट) घालायला विसरू नका, नाहीतर सॅम्पलमधलं एसडीएस (तीव्र डिटर्जंट) पीएनगेझ एफलाच बंद पाडतं.

पेशी रंगवताना: अल्फाच्या बऱ्याच अँटीबॉडी आतल्या बाजूचा भाग ओळखतात. जिवंत, न छेदलेल्या पेशींवर त्या लावून फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीचा रंग मोजणारी पद्धत) केली तर काहीच दिसणार नाही. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने १५ मिनिटं स्थिर करून ०.१ टक्का ट्रायटन १० मिनिटं द्या. मूत्रपिंडाच्या नलिकेत रंग पेशीच्या तळाला आणि कडांना यायला हवा. मेंदूतल्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये (मेंदूतला द्रव तयार करणाऱ्या ऊतीत) तो वरच्या पृष्ठभागावर दिसतो. तिथे पंप खरोखरच उलट्या बाजूला असतो, म्हणून स्लाइड फेकू नका.

एवढं सगळं नीट करूनही ब्लॉट कोराच राहिला तर बफरची बाटली बघा. सोडियम अझाइड (जंतू रोखणारं रसायन) एचआरपीला, म्हणजे बँड चमकवणाऱ्या एन्झाइमला, निकामी करतं. ते साठवणीच्या कुपीत चालतं, पण एचआरपी जोडलेल्या दुय्यम अँटीबॉडीच्या (पहिल्या अँटीबॉडीला चिकटणारी) द्रावणात अजिबात नको.