लंडनच्या लिलावात दुर्मीळ ब्रिटिश नाणं कसं घ्यावं

जानेवारी २०२२मध्ये लंडनच्या स्पिंक या लिलावगृहात राजा तिसरा हेन्री याची सोन्याची पेनी विकली गेली. तेराव्या शतकातलं नाणं. डेव्हनमधल्या हेमिऑक गावच्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका हौशी माणसाला ते मिळालं होतं. हातोडा पडला ५,४०,००० पौंडांवर, आणि घेणाऱ्याने प्रत्यक्षात मोजले ६,४८,०००. मधले १,०८,००० पौंड हे लिलावगृहाचं 'बायर्स प्रीमियम', म्हणजे खरेदीदाराकडून घेतलेली दलाली.

असलं नाणं आपल्यापैकी कोणी घेणार नाही. पण तीनशे पौंडांचा शिलिंग घेतानाही हाच हिशोब लागतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच गडबडतो. लिलावाच्या दिवशी करायचं काम फार थोडं असतं. खरं काम घरी, आधीच्या दोन-तीन आठवड्यांत उरकायचं असतं.

पायरी १ : आपलं शेत लहान ठेवा

ब्रिटिश नाण्यांचा पसारा अफाट आहे. अँग्लो-सॅक्सन राजांच्या चांदीच्या पेन्या, हातोड्याने ठोकून पाडलेली मध्ययुगीन नाणी, १६६२नंतरची यंत्रावर पाडलेली नाणी, १६६३ ते १८१४ या काळातल्या सोन्याच्या गिनी, १८१७पासूनचे सोन्याचे सॉव्हरिन. वर हिशोबही जुना : १२ पेन्यांचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. हा प्रकार १५ फेब्रुवारी १९७१ला दशमान पद्धत येईपर्यंत चालला. रुपये-आणे-पै ऐकत वाढलेल्यांना त्याचं नवल वाटणार नाही.

एक राजा किंवा एकच मूल्य निवडा. फक्त व्हिक्टोरिया राणीचे क्राउन (पाच शिलिंगांची नाणी), फक्त राजा सातव्या एडवर्डचे हाफ-क्राउन (अडीच शिलिंगांची), असं काहीतरी. दोन वर्षं एकाच प्रकारची नाणी पाहिली की नजर तयार होते. दहा प्रकारांमागे धावलं तर आयुष्यभर कॅटलॉग लिहिणाऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावं लागतं.

मराठी संग्राहकाला सुरुवातीसाठी एक जवळचं नाणं सुचवतो. १९१८ साली मुंबईत रॉयल मिंटची, म्हणजे ब्रिटिश सरकारी टाकसाळीची, शाखा चालली आणि तिथे सुमारे १२ लाख ९५ हजार सॉव्हरिन पाडले गेले. नाण्याच्या ज्या बाजूवर सेंट जॉर्जचं चित्र असतं, तिथे सालाच्या वर जमिनीच्या पट्टीवर बारीक 'आय' हे अक्षर दिसतं. नाणं महादुर्मीळ नाही, पण टाकसाळीची खूण कशी शोधायची, वजन कसं ताडायचं, सोन्याच्या भावावर किती जास्त मोजायचं, हे सगळं त्यावर शिकता येतं.

पायरी २ : दुर्मीळ कशाला म्हणायचं ते समजून घ्या

किती नाणी पाडली हा आकडा फसवा असतो. १९१७चा लंडनचा सॉव्हरिन घ्या. नोंदीप्रमाणे १०,१४,७१४ पाडले, पण बाजारात तो क्वचितच येतो, कारण त्यातले बहुतेक वितळवले गेले असं मानतात. उलट १९०५च्या हाफ-क्राउनचा आकडाच १,६६,००८, तो सातव्या एडवर्डच्या मालिकेतला अडणारा दुवा. १८१९चा सॉव्हरिन ३,५७४ पाडला, आणि आज माहीत असलेली नाणी अगदी मोजकी.

आणि १९३३ची पेनी. त्या वर्षी पेन्यांची गरजच नव्हती, म्हणून नेहमीसारखी नाणी पाडलीच नाहीत. अगदी थोडी पाडली, त्यातली काही नव्या इमारतींच्या कोनशिलेखाली ठेवण्यासाठी. १९७०मध्ये लीड्सच्या एका चर्चच्या कोनशिलेखालून चोरांनी त्यांतली एक लांबवली. ही गोष्ट ब्रिटनमध्ये इतकी मुरली आहे, की १९३३ची 'सापडलेली' पेनी सतत कुठे ना कुठे विक्रीला येते. ती खोटी असते असंच धरून चालावं.

गोष्टीचे पैसे किती मोजायचे, हेही इथेच ठरवा. १७०२मध्ये स्पेनच्या व्हिगो बंदरात इंग्रज-डच आरमाराने खजिन्याची जहाजं लुटली. त्या सोन्याचांदीची नाणी पाडली गेली तेव्हा टाकसाळीचा प्रमुख होता आयझॅक न्यूटन. ॲन राणीच्या मुखवट्याखाली 'व्हिगो' कोरलेली १७०३ची पाच गिनी घ्यायची तर लाखो पौंड हवेत. पण त्याच लुटीतल्या चांदीची, तोच शब्द मिरवणारी सिक्सपेन्स (सहा पेन्यांचं नाणं) बऱ्या अवस्थेत काही शे पौंडांत मिळते. मी दुसरीच्या बाजूचा आहे.

पायरी ३ : कॅटलॉगची भाषा वाचायला शिका

ब्रिटिश लिलावात नाण्याची प्रत, म्हणजे दर्जा, पारंपरिक शब्दांत सांगतात : फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड आणि सर्वांत वर एफडीसी, म्हणजे जवळपास निर्दोष नाणं. पुढे 'गुड' लागलं तर त्या पायरीहून थोडं वर, 'निअर' लागलं तर थोडं खाली. 'फाइन' या शब्दाने भुलू नका. ब्रिटिश नाण्यांत फाइन म्हणजे बऱ्यापैकी झिजलेलं.

अमेरिकेतल्या पीसीजीएस आणि एनजीसी या संस्था नाणं प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, म्हणजे 'स्लॅब'मध्ये घालून १ ते ७० अंक देतात. 'डिटेल्स' असा शेरा असेल तर नाणं खरं आहे, पण धुतलेलं, घासलेलं किंवा दुरुस्त केलेलं आहे असं समजावं. एका अंकाच्या फरकाने किंमत दुप्पट झालेली दिसते. मला हा वेडेपणा वाटतो. तोच अंक असलेल्या दोन नाण्यांतलं एक देखणं आणि दुसरं निस्तेज असू शकतं, आणि ते डोळ्यांनीच कळतं.

लॉटच्या, म्हणजे लिलावात एका क्रमांकाखाली विकल्या जाणाऱ्या मालाच्या, वर्णनात एखादा शब्द हळूच घातलेला असतो, तो सोडू नका. 'एक्स-माउंट' म्हणजे नाण्याला कधीकाळी कडी किंवा कोंदण होतं आणि नंतर ते काढून कड सारखी केली. व्हिक्टोरियाच्या काळात क्राउन आणि सॉव्हरिनचे ब्रोच, लॉकेट सर्रास व्हायचे, त्यामुळे हा दोष फार भेटतो आणि किंमत निम्म्याहून खाली आणू शकतो. 'टूल्ड' म्हणजे झिजलेले केस किंवा अक्षरं कोरणीने पुन्हा उठवलेली. 'एज नॉक' म्हणजे कडेला बसलेला ठोका. 'वन्स क्लीन्ड' म्हणजे कोणीतरी पॉलिश मारून मूळ कांती घालवली. ती परत येत नाही.

याच्या उलट, काही खुणा दिसतात दोषासारख्या पण जन्मापासूनच्या असतात. सतराव्या-अठराव्या शतकातल्या चांदीवर बारीक समांतर रेषा दिसतात, त्यांना 'हेमार्किंग' म्हणतात. वजन जुळवण्यासाठी टाकसाळीतच कानस फिरवल्याच्या खुणा 'ॲडजस्टमेंट मार्क्स' या नावाने येतात. यांनी किंमत थोडी उतरते, पण तो अपराध नव्हे. उलट अशा नाण्यावर नवखे बोली लावत नाहीत, तेव्हा जाणकाराचा फायदा होतो.

पायरी ४ : खोटेपणाची तपासणी

सॉव्हरिनचं वजन ७.९८ ग्रॅम, व्यास २२.०५ मिलिमीटर, सोनं २२ कॅरेट. १९२०पूर्वीचा हाफ-क्राउन १४.१४ ग्रॅम, चांदी हजारात ९२५ भाग. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरेल, पण जड भरलं तर थांबा. सॉव्हरिनच्या खोट्या प्रती विसाव्या शतकाच्या मध्यात बैरुतहून मोठ्या प्रमाणात निघाल्या, आणि त्यांतल्या कित्येकांत सोनं खरंच होतं. त्यामुळे नुसती सराफाकडची कसोटी पुरत नाही. अक्षरांची धार, मैदानावरचे, म्हणजे चित्राभोवतीच्या सपाट जागेवरचे, बारीक फुगवटे आणि कडेवरचे दाते भिंगाखाली पाहावे लागतात. १९१७चा लंडनचा सॉव्हरिन घेताना सालाच्या वरची जागा नीट पाहा : तिथे टाकसाळीचं अक्षर असेल, किंवा असलेलं अक्षर खरवडल्यासारखं दिसत असेल, तर तो लंडनचा नाही. १९०५च्या हाफ-क्राउनच्याही नकला भरपूर आहेत.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियमसाठी रॉबर्ट रेडी या कारागिराने दुर्मीळ नाण्यांच्या इलेक्ट्रोटाइप प्रती, म्हणजे साच्यात विजेच्या साहाय्याने धातू चढवून घडवलेल्या नकला, बनवल्या. फसवायला नव्हे, अभ्यासासाठी. पुढची आणि मागची बाजू वेगळी घडवून जोडलेली असल्याने कडेवर सांधा दिसतो. म्हणून कड पाहायला मिळावी हा आग्रह धरा. स्लॅबमधल्या नाण्याची कड नीट दिसत नाही, मात्र तिथे संस्थेची हमी असते. दोन्हींपैकी एक तरी हवं.

पायरी ५ : वंशावळ पाहा

मोठ्या नाण्याच्या वर्णनाखाली आधीचे मालक लिहिलेले असतात : माँटेग्यू, मर्डॉक, लॉकेट. हे गाजलेले संग्रह होते, आणि त्यांच्या लिलावांचे कॅटलॉग आजही चाळता येतात. लॉकेटचा संग्रह १९५५पासून पुढची काही वर्षं टप्प्याटप्प्याने विकला गेला. जुन्या छायाचित्राशी नाण्यावरचा ओरखडा जुळला तर दोन गोष्टी पक्क्या होतात : नाणं काल-परवा बनवलेलं नाही आणि ते चोरीच्या खणणीतून आलेलं नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. ब्रिटनच्या १९९६च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे एकाच जागी दोन किंवा अधिक, ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची नाणी सापडली तर ती कळवावीच लागतात. एकटं सापडलेलं नाणं साधारणपणे त्यात येत नाही. हेन्रीची पेनी खुल्या बाजारात आली ती त्यामुळेच.

पायरी ६ : किंमत घरी ठरवा

ब्रिटिश नाण्यांचा स्पिंकचा वार्षिक कॅटलॉग हा या व्यवहाराचा पाया. लॉटच्या वर्णनात येणारे 'एस' क्रमांक त्यातलेच. त्यातल्या किमती मात्र अंदाजापुरत्या धरा. खरा भाव कळतो मागच्या लिलावांच्या निकालांतून. स्पिंक, नूनन्स (२०२२पर्यंतचं डिक्स नूनन वेब), हेरिटेज यांचे जुने निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर सापडतात. त्याच प्रतीची पाच-सहा उदाहरणं काढा, सर्वांत महाग एक बाजूला ठेवा. बहुधा दोन हट्टी माणसांनी मिळून ती किंमत चढवलेली असते.

मग उलटा हिशोब. समजा तुमच्या खिशातून एकूण १,००० पौंडच जायला हवेत. प्रीमियम २० टक्के आणि प्रीमियमवर २० टक्के व्हॅट, म्हणजे २४ टक्के झाले. ऑनलाइन मंचावरून बोली लावली तर मंचाचं शुल्क समजा ५ टक्के, व्हॅट धरून ६. एकूण ३०. टपाल आणि विम्याचे २५ बाजूला काढले तर उरले ९७५. भागिले १.३, उत्तर ७५० पौंड. हीच तुमची शेवटची बोली. प्रत्येक लिलावगृहाचे दर वेगळे असतात आणि कित्येकांचा प्रीमियम २० टक्क्यांहून जास्त असतो, तेव्हा अटींचं पान उघडून आकडे तिथून घ्या. लॉटशेजारी एखादं चिन्ह असेल तर तेही पाहा. परदेशातून आणलेल्या मालावर आयात व्हॅट वेगळा लागतो.

पायरी ७ : नाणं हातात घ्या, नाहीतर विचारा

लंडनमध्ये असाल तर लिलावाआधीच्या दिवसांत ब्लूम्सबरीत स्पिंककडे किंवा मेफेअरमध्ये नूनन्सकडे जाऊन नाणी पाहता येतात. शुल्क लागत नाही, आणि काही न घेताही जावं. नजर तयार व्हायला याहून चांगली शाळा नाही. नाणं कडेला धरा, खाली मऊ कापडाचा ट्रे ठेवा, दिव्याखाली हळूहळू तिरपं करा. धुतल्याचे केसासारखे ओरखडे तिरप्या उजेडातच उमटतात, छायाचित्रात नाहीत.

पुण्यात किंवा नाशकात बसून घेणार असाल तर 'कंडिशन रिपोर्ट' मागा आणि नेमके प्रश्न विचारा : कडेवर दुरुस्ती आहे का, कोंदणाची खूण आहे का, वजन किती, कडेचा फोटो मिळेल का. 'नाणं कसं आहे' असं विचारलं तर 'छान आहे' असंच उत्तर येतं. अनेक नाण्यांचे एकत्र लॉट बहुधा 'सोल्ड ॲज सीन' असतात, ते परत घेत नाहीत. न पाहता त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ८ : बोली

नाव नोंदवायला ओळखपत्र लागतं आणि मोठ्या रकमेला कधी अनामतही, त्यामुळे आदल्या रात्रीवर ठेवू नका. मला स्वतःला 'कमिशन बिड' आवडते : आपला कमाल आकडा लिहून द्यायचा, आणि लिलावगृह तुमच्या वतीने गरजेपुरतंच वर जातं. दोन सारख्या लेखी बोली आल्या तर आधी आलेली चालते, म्हणून लवकर पाठवा. प्रत्यक्ष पडद्यासमोर बसलं की ७५०चे ८५० होतात आणि 'आणखी एकच' म्हणता म्हणता बजेट उडतं. एस्टिमेट, म्हणजे लिलावगृहाने छापलेली अंदाजे किंमत, कमी दिसलं म्हणून हुरळू नका. गर्दी जमावी म्हणून ते अनेकदा मुद्दाम कमी ठेवतात.

पायरी ९ : जिंकल्यानंतर

भारतात राहणाऱ्यांनी पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेतली दरवर्षी अडीच लाख डॉलरची मर्यादा लक्षात ठेवावी, आणि नाणं मागवण्याआधी कस्टम एजंटला विचारावं. सोन्याच्या नाण्यांच्या आयातीचे नियम विशेष कडक आहेत. तिकडून बाहेर पडतानाही मौल्यवान किंवा जमिनीत सापडलेल्या जुन्या नाण्याला ब्रिटिश निर्यात परवाना लागू शकतो. ते काम बहुतेक लिलावगृहं करून देतात, पण वेळ जातो.

फारसं कोणी सांगत नाही अशी एक बाब. आपल्या १९७२च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनं नाणं 'पुरावशेष' ठरतं आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १८४७चा गॉथिक क्राउन एकदा मुंबईत आला की उद्या तो लंडनच्याच लिलावात विकायचा विचार सोडावा लागेल, आणि इथे त्याचे गिऱ्हाईक मोजकेच. पुढे कधी विकण्याचा इरादा असेल तर नाणं लंडनमध्येच तिजोरीत किंवा तिकडच्या नातलगांकडे विमा उतरवून ठेवणं शहाणपणाचं.

नाण्यासोबत आलेली जुन्या मालकाच्या हस्ताक्षरातली गोल चिठ्ठी, पाकीट, बिल आणि कॅटलॉगचं पान एकाच जागी ठेवा. नाणं पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटात ठेवू नका, हिरवा चिकट थर धरतो. आणि घासू तर अजिबात नका, कितीही काळवंडलेलं वाटलं तरी.