घोड्यावर सॅडल बॅग बांधताय? आधी या चुका टाळा

दिवाळी झाली, थंडी पडली की नाशकातून गिरणारे, वाघेरा, हरसूलकडे घोड्यावर दोन दिवसांच्या कॅम्पिंगला निघणारे ग्रुप दिसायला लागतात. दरवर्षी नवीन लोकं असतात पण सॅडल बॅगा, म्हणजे खोगिराला बांधायच्या सामानाच्या पिशव्या, लावताना चुका अगदी त्याच, आणि त्या भोगतो घोडा. त्याला बोलता येत नाही म्हणून हे सगळं लिहितोय.

सगळ्यात पहिली आणि सगळ्यात वाईट चूक म्हणजे अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ बघून तसल्याच मोठ्ठ्या बॅगा मागवणं. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे बंदुकीचं म्यान आणि मांस आणायच्या पिशव्या आपल्या कामाच्याच नाहीत, पण लोकं बॅगा मात्र त्याच घेतात. व्हिडिओत काय दिसत नाही ते सांगतो. तिकडे एल्क नावाचं मोठं हरीण मारलं की मांसच 100 किलोच्या आसपास निघतं, ते काय रायडरच्या मागे बांधून आणत नाहीत, त्याला वेगळा ओझ्याचा घोडा नाहीतर खेचर असतं, त्याच्यावर लाकडी चौकटीचं वेगळं खोगीर असतं आणि मोठ्या बॅगा त्या चौकटीला लटकवतात. रायडरच्या स्वतःच्या घोड्यावर पाणी, जेवण, रेनकोट एवढंच. त्यात तिकडचा क्वार्टर हॉर्स जातीचा घोडा 450 ते 550 किलोचा, आपली मारवाडी नाहीतर काठेवाडी घोडी साधारण 300 ते 400 किलोची. घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत ओझं, त्यात रायडर, खोगीर, सामान सगळं धरून, हा हिशोब घोडेवाले पूर्वीपासून मानत आलेत. घोडी 375 किलोची धरली तर 75 किलो झाले. आता 62 किलोचा पोरगा आणि 8 किलोचं इंग्लिश खोगीर म्हटलं की 70 तिथेच संपले, उरले 5. दोन्ही बॅगा मिळून 5 किलो! आणि कुणी हौसेने वेस्टर्न खोगीर घेतलं असेल तर त्याचंच वजन 15 किलोच्या पुढे जातं, मग बॅग बांधायचा विषयच राहत नाही. तुम्ही स्वतः 80 किलोचे असाल तर सामान जीपने पाठवा, त्यात कमीपणा काहीच नाही.

मागच्या एका सीझनला आमच्याबरोबर एक तरुण आला होता, चांगला मुलगा, राईडिंग पण बरं होतं, पण घाई फार. ऑनलाइन मागवलेल्या मोठ्या बॅगा, एकेक वीस लिटरची असेल, आणि जागा आहे म्हटल्यावर माणूस भरतोच. डाव्या बाजूला स्टोव्ह, स्टीलचे डबे, दोन लिटर पाणी, उजव्या बाजूला स्लीपिंग बॅग आणि कपडे. निघताना घोडी सांभाळणारे मोतद्दार मामा म्हणाले, "दादा, एकदा उचलून बघू द्या दोन्ही बाजू." हा म्हणे, "मामा, चालतंय हो, उशीर होतोय." सपाटीला काही वाटलं नाही, पण वाघेऱ्याच्या बाजूला उतार लागला तसं खोगीर डावीकडे सरकायला लागलं, हा उजव्या रिकिबीवर, म्हणजे पाय ठेवायच्या कडीवर, जोर देऊन ते सरळ करायचा, परत पाच मिनिटांनी तेच. असं दोन-तीन तास चाललं. मुक्कामाला खोगीर उतरवलं, खालचा नमदा, म्हणजे खोगिराखालची जाड गादी, काढला तर बाकी पाठ घामाने भिजलेली आणि मागे डाव्या बाजूला तळहाताएवढा कोरडा डाग. कोरडं दिसलं म्हणून तो पोरगा खूश झाला होता. पण आजूबाजूला घाम आणि मधेच कोरडं म्हणजे तिथे एवढा दाब पडलाय की घामच सुटला नाही. मामांनी दोन बोटं हळूच दाबली तशी घोडीने पाठ खाली घेतली, कान मागे गेले. सकाळी तिथे सूज. परतीला तिच्यावर कुणी बसलं नाही, लगाम धरून चालत आणली, आणि पुढे कित्येक दिवस तिच्यावर खोगीर ठेवलं नाही. त्या जागी आता पांढरे केस आलेत. दाबाने कातडीतली मुळं दुखावली की केस पांढरेच येतात.

आणि ही जागा कुठली तेही नीट समजून घ्या, कारण विकणारा हे सांगत नाही. घोड्याला बरगड्यांच्या 18 जोड्या असतात आणि वजन पेलते ती बरगड्यांवरची पाठ. शेवटच्या बरगडीच्या मागे कंबर येते, तिथे खालून हाडाचा आधार काहीच नाही. खोगिराच्या मागे बांधायची बॅग नेमकी तिथे बसते. म्हणून मी जड वस्तू मागे ठेवतच नाही. पाणी, टॉर्च, खायचं असं जे काही जड ते पुढच्या छोट्या बॅगांमध्ये, खांद्याजवळ, आणि मागे फक्त हलकं, म्हणजे जॅकेट, चादर, कोरडे कपडे. मागच्या बॅगेखाली नमदा किंवा घडी केलेलं घोंगडं पोचलंच पाहिजे, बॅगेचं बक्कल थेट अंगाला लागता कामा नये.

दोन्ही बाजू तोलायला बॅगेला अडकवायचा छोटा वजनकाटा मिळतो, दोन-तीनशे रुपयांत, तो घ्या. हाताने उचलून "सारखंच वाटतंय" म्हणणारे मी भरपूर पाहिलेत आणि त्यातल्या बहुतेकांचा अंदाज किलोभराने तरी चुकतो. मी अर्ध्या किलोच्या वर फरक चालवून घेत नाही. आणि वाटेत पाणी एकाच बाजूचं पिऊ नका, एक लिटर संपलं की एक किलो कमी झालं. दोन बाटल्या, दोन बाजूला, आलटून पालटून.

बुलेटच्या सॅडल बॅगा घोड्याला लावू नका. हे लिहावं लागतंय याचंच वाईट वाटतं, पण ऑनलाइन सॅडल बॅग शोधलं की आधी बाईकच्याच येतात आणि लोकं स्वस्त म्हणून घेतात. त्यांच्या मागच्या बाजूला आत बहुधा कडक प्लास्टिकची पट्टी असते, ती घोड्याच्या अंगावर घासून कातडी सोलते.

वेल्क्रोवाली बॅग नको. शांत उभ्या घोड्याच्या कमरेशी तो चर्रर्र आवाज केला की काय होतं ते एकदा बघितलेला माणूस परत वेल्क्रो घेत नाही. चेनही नको, धुळीने अडकते. बक्कल आणि पट्टा बेस्ट.

स्टीलचे डबे एकमेकांवर वाजू देऊ नका, मधे कपडा कोंबा. उडणारं प्लास्टिक, फडफडणारं रेन कव्हर, बाहेर लोंबणारा टॉवेल, काही म्हणजे काही नको.

बॅग खालून बांधली नाही तर घोडा दुडक्या चालीत आला की ती उडते आणि प्रत्येक पावलाला कमरेवर आपटते. खालच्या कडीतून एक पट्टा तंगाला, म्हणजे खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याला, घ्या. चढाला खोगीर मागे जाऊ नये म्हणून पेशबंद (छातीवरचा पट्टा), उताराला पुढे येऊ नये म्हणून दुमची (शेपटीखालून घ्यायचा पट्टा), आपल्या घाटांत दोन्ही लागतात, एकावर भागवू नका.

खोगिराच्या मागे वळकटी उंच बांधू नका. उतरताना उजवा पाय तिला अडकतो, डावा रिकिबीत असतो आणि त्यात घोडा चालायला लागला तर माणूस फरफटत जातो. पाय टाकून बघा, सहज वरून गेला तरच निघा.

फोन, औषधं, चाकू आणि गाडीची किल्ली स्वतःच्या अंगावर. घोडा सुटून पळाला तर बॅगेतलं सगळं त्याच्याबरोबर जातं, आणि अंजनेरीच्या मागच्या बाजूला संध्याकाळी फोनशिवाय उभं राहायची वेळ कुणावर येऊ नये, त्या पट्ट्यात बिबटे आहेत.

आता चंदी, म्हणजे घोड्याचा खुराक. भिजवलेला हरभरा बॅगेत भरून नेणारे हुशार लोकं असतात. दुपारच्या उन्हात तो आंबतो, मग तो खाऊ घातला की पोटदुखी, आणि घोड्याची पोटदुखी म्हणजे जिवावरचं दुखणं असतं, त्याला उलटी करता येत नाही. कोरडा न्या, मुक्कामावर भिजवा. चारा तर घोड्यावर न्यायचाच नाही, दिवसाला सात-आठ किलो सुका चारा लागतो, तो गाडीनेच मुक्कामाला आधी पोचवायचा. पाणी पण दिवसाला 25 लिटरच्या वर पितो, म्हणून मुक्काम पाण्याजवळच ठरवा.

नवीन बॅग घेतली की डायरेक्ट ट्रेकला जाऊ नका प्लीज. आधी रिकामी बॅग घोड्याला हुंगू द्या, मग अंगावर दोन्ही बाजूंनी घासा, मग बांधून लगाम धरून चालवा, मग भरून चालवा, मग बसा. मैदानात दोन-तीन संध्याकाळी जातात याच्यात. एवढाही वेळ नसेल त्याने घोडा बाहेर काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रोज चांगला चालणारा घोडा सुद्धा पोटाशी नवीन काही लागलं की लाथा झाडतो, त्यात त्याची चूक नाही.

घ्यायची कुठली विचाराल तर मी जाड कॅनव्हासची शिवून घेतो. चामड्याची दिसते भारी पण इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात तिला बुरशी लागते, आणि रेक्झिन दोन उन्हाळ्यांत तडकतं. डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोड्याचं सगळं सामान हातात घेऊन बघायला मिळतं, तिथे शिलाई आणि कड्या ओढून बघा. नाहीतर जुन्या नाशकात बॅगा-ताडपत्री शिवणाऱ्याकडे जा, एका बाजूला आठ लिटर पुरे, त्याला सांगा मागची बाजू मऊ ठेव, जोड-शिलाई घोड्याच्या अंगाकडे नको, कड्या पितळी लाव आणि पट्ट्याच्या मुळाशी डबल शिलाई मार. आणि फोटो दाखवून माप देऊ नका, खोगीर उचलून सोबत घेऊन जा.