जुन्या साडीचा घेरदार रेट्रो ड्रेस

रेट्रो पार्टीच्या ड्रेसचा गोल घेर कापताना कंबर हमखास चुकते. ठाण्यात जांभळी नाक्यावर कापड बघून आले, शेवटी आईची ठिपक्यांची कॉटन साडीच कामी आली.

1. कंबरेत शिलाईचे 2 इंच मिळवा, 6.28 ने भागा. ही आतल्या गोलाची त्रिज्या: 28 इंच कंबरेला पावणेपाच इंच.
2. खडूला दोरी बांधून साडीच्या काठावरून अर्धवर्तुळ आखा. कापायचं मात्र सव्वाचारवर. अर्धा इंच कंबरपट्टीच्या शिलाईत जातो.
3. बाहेरचं अर्धवर्तुळ 30 इंचांवर: उंची साधारण 24 आणि दुमड. असे दोन तुकडे, साडी तीन मीटरपेक्षा जराशी जास्त लागते. उरलेल्यात वरचा भाग.

खालची दुमड लगेच घालू नका! घेर रात्रभर हँगरला टांगा. उरेब (तिरका कापलेला) भाग लोंबतो. माझा दीड इंच लोंबला होता.